एका ‘टेक’वर चाललेलं घर

४ डिसेंबर

खाट माझी. खिडकीजवळची, सकाळचं ऊन अंगावर येतं ती. नातू रणधीर पुण्याहून आला आणि आल्याआल्या बायकोची पिशवी तिच्यावरच टाकली. अजून पायासुद्धा पडला नव्हता. मी म्हणलं, "ही खाट कुणाची?" तर म्हणतो, "आज्जी, डॉक्टरनं तिला पडून राहायला सांगितलंय." मग मी काय भिंतीला टेकून झोपू?

नातसुनेला सातवा लागलाय. नातवाला कंपनीनं दोन महिने गुजरातला धाडलंय. पुण्याच्या खोलीत ती एकटी कशी राहायची, म्हणून इथं गावी, मुरूमला आणून सोडली. पोरगी मदुराईकडची. मराठी येत नाही, हिंदी येत नाही, येतं ते इंग्रजी. आम्ही सीमेवरची माणसं, म्हणून मी कन्नडमधून बोलून बघितलं. एखादा शब्द तिला लागतो, बाकी नुसती माझ्या तोंडाकडं बघते.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे काय सांगायचं झालं? पण हिला माहेर असून नाही. आई लहानपणीच गेली. बाप बसवर कंडक्टर होता, त्यानं एकट्यानं वाढवलं. रणधीरशी लग्न केलं तेव्हापासून तो बोलत नाही. लग्नालाही आला नाही. हिचा फोन वाजला की कापतो.

खाट दिली. माझ्या पाठीला जमीनच बरी पडते, असं लक्ष्मीला सांगितलं. लक्ष्मी म्हणजे माझी सून, रणधीरची आई. तिनं "बरं आत्याबाई" म्हणलं आणि गपचूप दोन वाकळा जास्तीच्या अंथरल्या.

५ डिसेंबर

रणधीर गेला. जाताना शिकवून गेला. "आज्जी, एकच शब्द पाठ कर. टेक. टेक टी म्हणजे चहा घे. टेक बाथ म्हणजे अंघोळ कर. टेक टॅब्लेट, गोळी घे. टेक रेस्ट, पड जरा."

"आणि जेवायचं?"

"टेक फूड."

"आणि गप बस?"

"ते नको शिकूस."

चौथीतून काढलं मला घरच्यांनी. नाहीतर इतक्या सोप्या भाषेत मी कलेक्टर झाले असते.

६ डिसेंबर

लग्नात आम्ही तिचं नाव शिवकन्या ठेवलं होतं. ताटातल्या तांदळावर लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आज अंगणातून चारदा हाक मारली, तिनं मान वळवली नाही. मला वाटलं ताठ आहे. मग ध्यानात आलं, तिला कुणी सांगितलेलंच नाही की ती शिवकन्या झाली. रीत आम्ही केली, ती बिचारी तांदूळ बघत बसली असणार.

तिचं खरं नाव तेन्मोळी. मधासारखं बोलणं असा त्याचा अर्थ आहे म्हणं. बोलत तर काहीच नाही. पण या नावानं हाक मारली की "आज्जी" म्हणून येते. तेन्मोळीच बरं.

९ डिसेंबर

या टेकला काही धरबंद नाही. आज भाकरी थापत होते तर तिनं मोबाइल पुढं धरला आणि म्हणाली, "आज्जी, टेक फोटो?" आम्ही फोटो काढतो. हे लोक घेतात. मग भाकरीकडं बोट करून काहीतरी विचारलं, त्यातही टेक. माझा लेक बजरंग दुकानातून जेवायला आला होता, त्याला विचारलं. खत-बियाणं विकून त्याला थोडं इंग्रजी आलंय. तो म्हणाला, "आई, ती विचारतीय भाकरीला किती वेळ लागतो."

म्हणजे आम्हाला वेळ लागतो आणि त्यांची भाकरी वेळ घेते. आणि उमरग्याला जायचं तर टेक बस. बस काय पिशवीत घालून आणायचीय?

बजरंगला हसून हसून ठसका लागला. तेन्मोळीला काही कळलं नाही, पण तीही हसली. आल्यापासून पहिल्यांदा. दात चांगले आहेत.

१० डिसेंबर

दह्याशिवाय जेवत नाही. वरणावर दही, भाजीवर दही. विरजण आता दोन भांड्यांत लावते.

१३ डिसेंबर

इंग्रजीला हसत होते, मग आपलं बघितलं. आपला घे तरी कुठं थाऱ्यावर आहे? चहा घे. झोप घे. श्वास घे. शेत घेतलं. धसका घेतला. कुणी बोललं तर मनाला लावून घेतलं. सासरी आले तेव्हा माझ्या आईनं सांगितलं होतं, जमवून घे. काय घेतलं, कुठून घेतलं, कुठं ठेवलं, काही सांगता येणार नाही. पण घेतलं खरं.

रणधीर रोज फोन ठेवताना तिला टेक केअर म्हणतो आणि मला म्हणतो, "आज्जी, काळजी करू नको, काळजी घे." करायची नाही पण घ्यायची. हे जमणारी बाई मला अजून भेटायची आहे.

१९ डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळे शेतात. कडब्याची खोप केली, पूजा झाली, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे, मडक्यात ताकातली आंबील. तेन्मोळीला रिक्षानं बांधापर्यंत आणलं. तिला चालवलं नाही.

आंबिलीचा पेला हातात दिला. एक घोट घेतला आणि थांबली. मला वाटलं, नासली की काय! तर तिनं पेला रिकामा करून परत पुढं केला. मग आणखी एक. छातीवर हात ठेवून म्हणाली, "अप्पा." हातानं ढवळल्यासारखं केलं. तिचा बाप घरी असलंच काहीतरी करून घालत असणार. बाईमाणूस नसलेल्या घरात तो गडी पहाटे उठून आंबील ढवळायचा आणि मग बसवर जायचा.

तिथंच गजराबाई आली, शेजारच्या शेतातली. जेवली पोटभर, आणि हात धुता धुता म्हणते, "काय धुरपदाबाई, पहिलटकरीण अन् सासरी? माहेरचं कुणी न्हाय व्हय तिला?"

मी म्हणलं, "तुझी सून माहेरी गेली ती अजून आली न्हाय. आमची हितंच हाय ते बरं की."

गजराबाई गेली. बोलून मोकळी झाले, पण तिचं बोलणं लागलं. ओटीला माहेरची साडी कुणी आणायची? बापाच्या जागेवर कोण बसणार?

२० डिसेंबर

सापडलं. माझा भाऊ धोंडप्पा. येणेगूरला असतो. आपल्यात मानलेलं माहेर असतंच की. ज्या बाईला कुणी नाही तिला गावातलं एखादं घर लेक म्हणून घेतं, साडीचोळी करतं, दिवाळीला बोलावतं. माझ्या चुलत सासूचं सगळं आयुष्य मानलेल्या माहेरावर गेलं. धोंडप्पाला फोन केला. म्हणाला, "अक्का, तू सांगितलंस म्हणजे झालं." साडी हिरवी आण म्हणलं, आणि काठ बघून आण. तुझ्या पसंतीचं काही खरं नाही.

२३ डिसेंबर

ओटी छान झाली. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. धोंडप्पा नवा फेटा बांधून आला होता, साडीही देखणी निघाली. त्याला पाटावर बसवला. लक्ष्मीनं तेन्मोळीला समजावलं, हे तुझे अप्पा. धोंडप्पाकडं बोट केलं, "अप्पा, अप्पा," आणि साडी पुढं केली, "टेक."

तिनं घेतली. पाया पडली. गजराबाईचं तोंड बघण्यासारखं होतं. लई समाधान वाटलं.

२४ डिसेंबर

तेन्मोळी जेवली नाही. दही तसंच. साडी घडी घालून खाटेच्या पायथ्याशी ठेवलीय, कुणी विसरून गेल्यासारखी.

२५ डिसेंबर

सकाळी तिनं बॅग भरली. बजरंगला मोबाइलवर बसची वेळ दाखवली, पुण्याची. मी दारात आडवी बसले. सातव्या महिन्याची बाई, एकटी, त्या खोलीत! कोण बघणार तिला? लक्ष्मीनं रणधीरला फोन लावला. तो तेन्मोळीशी बराच वेळ बोलला. मग मला म्हणाला, "आज्जी, तिला वाटतंय तुम्ही तिचा बाप बदलला."

"म्हणजे?"

"तो जिवंत आहे, आज्जी. तुम्ही चारचौघांत दुसऱ्याला अप्पा केलं. आपल्यात मानलेलं माहेर असतं हे तिला कुठं माहीत? तिला वाटलं, आता तिच्या अप्पाला कुणी बोलावणारच नाही. त्याची जागा भरली."

मी फोन लक्ष्मीकडं दिला.

आपण माहेर जोडलं असं मला वाटलं. मी तर त्या माणसाला जिताच उठवून दुसऱ्याला पाटावर बसवला. आणि वर गल्ली जेवू घातली.

साडी उचलून माझ्या ट्रंकेत ठेवली. तिच्याकडं बघून कान पकडले. उठून तिनंच माझे हात खाली केले. बॅग भरलेलीच आहे, पण आज गेली नाही. रणधीरला म्हणाली, आठवडाभर बघते.

२७ डिसेंबर

तिच्या बापाचा नंबर रणधीरकडून घेतला. तेन्मोळी अंघोळीला गेलेली बघून माझ्या फोनवरून लावला. ओळखीचा नंबर नाही म्हणून त्यानं उचलला.

"अलो?"

मी म्हणलं, "महाराष्ट्र. मुरूम. तेन्मोळी. आय आज्जी."

त्यानं फोन कापला नाही.

मग इंग्रजी संपलं आणि मी मराठीत सुरू झाले. म्हणलं, पोरीनं आंबील पिऊन तुमचं नाव काढलं. म्हणलं, तुम्ही रागावला ते तुमचं तुमच्यापाशी, पण तिनं दुसरा बाप घ्यायला नको म्हणलंय, तिला माहेर तुमचंच पाहिजे. म्हणलं, बाईशिवाय लेकरू वाढवणाऱ्या माणसाला इतका ताठा शोभत नाही. त्याला त्यातलं काय कळलं देव जाणे. मध्येच एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. तो माझा नव्हता.

शेवटी म्हणलं, "अप्पा, बर्री." आमच्या कन्नडमधलं ‘या’. आणि आणखी समजावं म्हणून, "यू टेक ट्रेन. सोलापूर."

फोन त्यानं ठेवला.

घरात कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. आला नाही तर दुसऱ्यांदा तोडल्यासारखं होईल.

२९ डिसेंबर

तिनं बॅगेतून दोन कपडे काढून दोरीवर वाळत घातले. पुण्याला जाणारी बाई कपडे भिजवत नाही. मी दही जास्तीचं लावलं.

३१ डिसेंबर

आज भाकरी तिनं थापली. भाकरीचा नकाशा झाला, कडा फाटल्या. लक्ष्मी म्हणाली, "आत्याबाई, ही आपण खाऊ, यांना वाढायला नको." मी बजरंगलाच वाढली. त्यानं मुकाट्यानं खाल्ली आणि "टेक वन मोअर" म्हणाला. पोरगी लाजली. माझा लेक इतका गुणाचा आहे हे मला आजच कळलं.

खाटेवर तिनं माझ्यासाठी जागा केली. दुपारी दोघी उन्हात आडव्या झालो. तिनं माझा हात घेऊन पोटावर ठेवला. आतून लाथ बसली, चांगली जोरकस. म्हणलं, घरातलंच आहे.

२ जानेवारी

काही नाही. मदुराईकडून काही नाही. फोन उशाशीच ठेवते. लक्ष्मी विचारते, कुणाची वाट बघताय? म्हणलं, बॅटरी बघते.

३ जानेवारी

आत्ता फोन वाजला. मदुराईचा नंबर. मी उचलला तर तो बोलला नाही. पण मागं बाईचा आवाज, मोठ्यानं, मराठीतून — गाडी फलाट क्रमांक दोनवर. मग कट झाला. महाराष्ट्रात आलाय. सोलापूरच असणार!

तो परत लावील. फोन खाटेवर ठेवला, तेन्मोळीच्या पुढ्यात. बजरंगला आणि लक्ष्मीला सांगितलंय, कितीही वाजला तरी कुणी हात लावायचा न्हाय. तिनंच उचलायचा.