डाव्या विंगेतला आवाज

आई,

मागच्या महिन्यात मी पनवेलजवळ विचुंब्याला गेले होते. तू होतीस तेव्हा तिथे शेतं होती. आता इमारती आहेत, आणि त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान आहे. बाबांच्या नाटकाचं शूटिंग ज्यांनी केलं ते कॅमेरावाले आठवतात तुला? तू त्यांना विंगेत बोलावून चहा दिला होतास. ते आता नाहीत, धंदा त्यांची मुलगी बघते. हळदी, साखरपुडे, वाढदिवस, सगळं तीच कापते आणि जोडते. बाबांना ऐंशी पूर्ण झाली म्हणून कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या त्यांच्या जुन्या हौशी मंडळींनी सत्कार ठरवला, आणि सत्कारात ते नाटक पडद्यावर दाखवायचं ठरवलं. तेच, ज्यात बाबा हजरजबाबी दारुडा लेखक व्हायचे. मी माळ्यावरून कॅसेट काढली. इतक्या वर्षांत तिला बुरशीसुद्धा लागली नव्हती, याचं मला जरा वाईटच वाटलं.

दुकानातल्या त्या बाईने कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली, थोडं बघितलं आणि मला विचारलं, "ताई, ही बाई कोन हाय? नाटकात तं कुठं दिसत नाय, पन सगल्यांच्या आदी हीच बोलते." आणि तिने हेडफोन माझ्या कानांवर चढवला. तू होतीस. "पुढचं पुस्तक. पुढचं पुस्तक कधी." अगदी सपाट, बाजाराची यादी वाचावी तसं, आणि मग लांबून कुठून तरी बाबांचा भरदार आवाज, "पुढचं पुस्तक कधी म्हणून काय विचारता? आधी मागची बाटली तर संपू द्या!" आणि हशा. मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. तुझा चेहरा फोटोत आहे, तुझी साडी माझ्या कपाटात आहे, पण तुझा आवाज मी विसरले होते, आई. विसरलेय हेही विसरले होते. कॅमेऱ्यासाठी प्लग फक्त डाव्या विंगेजवळ होता आणि तू तिथेच घडीच्या खुर्चीवर टॉर्च घेऊन प्रॉम्प्टिंगला बसायचीस, म्हणून रंगमंचापेक्षा तूच जास्त रेकॉर्ड झालीस. एवढं साधं कारण.

आपल्या घरात त्या नाटकाची तालीम स्वयंपाकघरातून चालायची. बाबा बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालायचे आणि तू भाकरी थापता थापता, पुस्तक न बघता वाक्यं पुरवायचीस. पिठाचे हात, तव्यावर बोंबील, आणि तोंडात त्या लेखकाचे विनोद. मी मध्ये पाटावर बसून अभ्यास करायचे. एकदा मी तुझं बघून एक वाक्य अगदी हातवारे करून म्हटलं, तर तू रागावलीस. "प्रॉम्प्टरने अभिनय करायचा नाही. आपण ऐकू आलो की नाटक संपलं." मला तेव्हा ते फार भारी वाटलं होतं. आता वाटतं, कोणी शिकवलं होतं तुला हे? तू किती वाक्यं पुरवतेस यावरून बाबा बाजारातून सरळ घरी आलेत की वाटेत बसून आलेत, हे मला पाटावर बसूनच कळायचं. बाहेर कोणाला कळायचं नाही. बाहेर बाबा म्हणजे काय मजेशीर माणूस! प्यायलेला माणूस विनोदी असला की लोकांना तो प्यायलेला वाटतच नाही, नुसता विनोदी वाटतो.

आणि ते विनोद तरी काय होते? "माझी बायको फार सोशिक आहे हो, माझी सगळी पुस्तकं तिने वाचलीत." यावर कोण हसायचं आणि किती! नाटकात ती बायको एकदाही रंगमंचावर येत नाही, लेखक फक्त आतल्या दाराकडे बोट दाखवतो. ते दार डावीकडे होतं. म्हणजे बाबा बोट दाखवायचे ते तुझ्याकडे, आणि ते वाक्यही तूच त्यांना दिलेलं असायचं. हे मला विचुंब्याला त्या दुकानात बसल्यावर कळलं, इतकी वर्षं डोक्यातच आलं नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिसऱ्या अंकात प्रकाशक येतो तो प्रवेश. तू बाटलीत कोरा चहा भरून पाठवायचीस, बिनसाखरेचा, रंग बरोबर यावा म्हणून जरा जास्त उकळलेला. शूटिंगच्या त्या संध्याकाळी तो कोणीतरी ओतून टाकला आणि बाटलीत खरी भरली. कोणी ते मी सांगायला नको. कॅसेटमध्ये बाबा टेबलाचा कोपरा धरून उभे दिसतात. समोर तो सोवळा, निर्व्यसनी प्रकाशक, छत्री काखेत धरून ताठ उभा. बाबांना वाक्य आठवत नाही. तू देतेस. पुन्हा देतेस. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने देतेस. बाबा टेबल सोडतात आणि डोलायला लागतात. मग हेडफोनमध्ये तुझी खुर्ची करकरते आणि तू म्हणतेस, "अहो, बसा आता. पडाल. लोक बघतायत." पहिल्यांदाच सपाट नाही. घरातल्या आवाजात. आणि बाबा, ज्यांना डाव्या विंगेतून येईल ते बोलायची सवय होती, ते त्या ताठ उभ्या प्रकाशकाला म्हणतात, "अहो, बसा आता! पडाल! लोक बघतायत!"

तो हशा तुला आठवत असेल. प्रकाशक झालेला माणूस खरोखरच घाबरून बसला. टाळ्या थांबेनात, आणि त्या टाळ्यांत बाबांना खुर्ची सापडली. प्यायलेला न प्यायलेल्याला सांगतोय, पडाल! उत्स्फूर्त! नाटककाराने लिहिलेलं नाही, म्हणे, जागेवर सुचलं! पनवेलमध्ये आजही लग्नात कोणी फार नाचायला लागलं की जुनी माणसं ओरडतात, "अहो, बसा आता, पडाल, लोक बघतायत." बाबा कोपऱ्यात असतात आणि नुसते मान लववतात. तू होतीस तोवर तूही पदराआड हसायचीस. मला ते हसू कौतुकाचं वाटायचं. तू कधी बोलली नाहीस. का गं? मला निदान सांगायचंस.

"काढून टाकू ना हा आवाज?" दुकानातल्या बाईने विचारलं. "आता मशीनच सगला करते, येल नाय लागत." मी सांगितलं की ती माझी आई आहे. ती म्हणाली, "मंग तुमी घरी इचारून सांगा. मी दोनी ठेवते."

बाबांना विचारलं. दारू सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, तू गेल्यावरच सोडली, त्याबद्दलही त्यांचं गावात कौतुक होतं. ते भाजी निवडत होते. हो, आता निवडतात. कानातलं यंत्र जरा नीट बसवून म्हणाले, "प्रॉम्प्टिंग ऐकू आलं तर नटाची अब्रू जाते. काढायला सांग. तुझ्या आईलाही तेच आवडलं असतं." मला राग आला, कारण ते खरं होतं. तुझा आवाज ठेवावा तर तुझंच व्रत मोडतं, आणि पुसावा तर तू पुन्हा एकदा जातेस. या वेळी माझ्या हातून. दोन रात्री मला झोप नाही. शेवटी मी फोन करून सांगितलं, सगळीकडचा काढा, फक्त तेवढं एक वाक्य ठेवा. आणि जरा मोठं करा.

का सांगितलं, ते विचारशील. तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होते.

नाट्यगृह भरलं होतं. शाल, नारळ, भाषणं झाली, मग दिवे गेले. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, जणू तू नव्हतीसच. पुन्हा त्याच ठिकाणी तेच हशे. तिसरा अंक आला तशी मागची माणसं चुळबुळायला लागली, त्यांना ते वाक्य येणार हे माहीत होतं. कोणीतरी आधीच टाळ्या सुरू केल्या, माना आमच्याकडे वळल्या, आणि पहिल्या रांगेतले बाबा उठले. काठी न घेता. पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून, हात जोडून उभे. मागे पडद्यावर तरुण बाबा डोलत होते आणि पुढे हे. आणि मग सगळ्या नाट्यगृहात तुझा आवाज, "अहो, बसा आता. पडाल. लोक बघतायत." बाबा बसले. तत्क्षणी. वळूनही बघितलं नाही, हात तसेच जोडलेले. मग पडद्यावरून बाबांचं वाक्य आलं आणि छत उडेल असा हशा झाला. तुझं वाक्य बहुतेकांनी ऐकलंच नसेल, किंवा ऐकून तांत्रिक बिघाड समजून सोडून दिलं असेल.

परतताना रिक्षात बाबा शालीची दशी पिळत होते. म्हणाले, "एका ठिकाणी आवाज राहून गेला वाटतं." मी म्हटलं, "हो, राहिला." उतरताना माझा हात धरला आणि म्हणाले, "त्या बाईंना सांग, नीट बघत जा म्हणावं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला, कोरा, बिनसाखरेचा, आणि तसाच ठेवून दिला. याचा काय अर्थ लावायचा ते मला कळत नाही, आणि विचारायची इच्छाही नाही.

हे पत्र मी तुझ्या साडीच्या घडीत ठेवणार आहे, दुसरं कुठे टाकणार? फक्त एक सांगायचं राहिलं. बाबा काठीशिवाय उभे राहिले आणि त्यांचा तोल जायला लागला तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीवर होते. हात पुढे केला असता तर पोचला असता. मी केला नाही. मला वाटलं, पडू देत. एकदा बघू देत लोकांना. आणि तेवढ्यात तू बोललीस.