अकोल्याचा पोळा आणि मोनालीचं बाळंतपण

११ फेब्रुवारी
आम्ही दोघं अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म भरायला बसलो. एजंटाने यांना विचारलं, देवरावकाका, कधी अटक झाली होती का? मी म्हटलं, नाही. हे म्हणाले, हो.
झालं! किती वर्षं झाली त्या पोळ्याला. हे जावई म्हणून अकोल्याला माझ्या माहेरी गेले, आणि भगवंतदादाने आग्रहाने पैसे लावून पत्ते खेळायला बसवलं. पोळ्याला आमच्याकडे कोण खेळत नाही? नेमकी त्याच वर्षी पोलिसांची धाड पडली. वकील म्हणाला, गुन्हा कबूल करा, दंड भरा, घरी जा. यांनी मुकाट्याने सही केली.

१२ फेब्रुवारी
मी म्हटलं, 'नाही' लिहा, कोण पाहतं? एजंटाचंही तेच म्हणणं.
"मले जमत नाई. खोटं बोललो का घाम फुटते."
खरं आहे. बाहेर साखरेचा चहा प्यायले तरी घरात शिरताच मला कळतं. पण तिकडे अमेरिकेत मोनालीचे मेमध्ये दिवस भरतात. लेकीचं पहिलंच बाळंतपण, जावयाला आई नाही. या माणसाच्या खरेपणापायी दोघांचंही जाणं राहील. बोललेच नाही यांच्याशी दिवसभर.

२० फेब्रुवारी
अकोल्याला जाऊन कोर्टातून त्या केसची नक्कल काढून आणली. परतताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मले नाई भेटला व्हिसा तं तू जाय एकटी. बाळंतिणीजवळ मी काय कामाचा?"
इतकी माया आली मला यांची. राग होताच, तरी खांद्यावर डोकं ठेवून झोपले.

३ मार्च
डिंकाचे लाडू नेता येतात म्हणे. माझं तर पक्कंच आहे. यांचंच काय ते देव जाणे.

१९ मार्च, मुंबई
मुलाखत झाली. काचेपलीकडे गोरी बाई, शेजारी मराठी सांगणारी मुलगी. पोळ्याचं विचारलं. यांनी सगळं सांगितलं — डाव कोण जिंकत होतं तेसुद्धा. बाई हसली. मग विचारलं, परत कधी येणार?
"जुलैत झेंडू लावाचा हाय नं बाई. मी नाई आलो तं दसऱ्याले लोकं दाराले काय बांधतीन?"
मग मला तेच विचारलं. मीही खरंच सांगितलं — आधी लेक धड उभी राहू दे, बाळ चालायला लागू दे, मग बघू.
पुढचं आज लिहवत नाही.

२१ मार्च, अमरावती
यांना व्हिसा मिळाला. मला नाही — मी परत येईनच असं त्या बाईला वाटेना.
सकाळपासून पाय लांब करून बसवलंय यांना, पायांवर उशी. बाळाला न्हाऊ घालायला शिकवतेय. मान धरा आधी, मान, म्हटलं. धरली. मग हे उशी पोटाशी घेऊन ढसाढसा रडले.