काठावरचं नाव

२० डिसेंबर १९७४, शुक्रवार

आज नव्या नोकरीवर रुजू झालो. नवी वही, नवी शाई. पहिल्या ओळीत वळणदार अक्षरात नाव घातलं: ………………, निवृत्त मराठी शिक्षक, मंद्रूप.

चौतीस वर्षं पोरांना कविता शिकवल्या, आता उरलेले दिवस चित्रांच्या संगतीत. अक्षर बरं म्हणून संग्रहालयानं मला चित्रांखालच्या चिठ्ठ्या लिहायला ठेवलं आहे. राहायला कोठीमागची खोली. कोठीत डांबरगोळ्यांचा वास, आणि भिंतीकडे तोंड करून उभी केलेली चित्रं, शिक्षा झालेल्या पोरांसारखी. गिरणीचा भोंगा झाला की शाळेची घंटा आठवते. पहारेकरी मानसिंग मला पहिल्याच दिवशी कविराज म्हणू लागला. झाडलोट करणाऱ्या सोजरबाईनं चहा दिला आणि बजावलं की गुरुजी, हितल्या वस्तूला हात लावायच्या आदी नमस्कार करा, कुणाच्या तरी हातचं हाय हे समदं. मी हसलो.

होटगीला विजूला पत्र टाकलं: तुझा बाप मजेत आहे. जावईबापूंना रेल्वेतून रविवारची सुट्टी मिळाली की ये.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज डोळ्यांचं पारणं फिटलं. हातमागावर विणलेलं चित्र. रंगाचा एक थेंब नाही, नुसतं सूत. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, पाठमोरी. दोराचा पीळ दिसतो, ओल्या पदराचा भार जाणवतो. ओवीला जसा ठेका असतो, तसा या कापडाला आहे. वर्गात असतो तर तासभर बोललो असतो.

कापडाचा खालचा काठ मागे दुमडून लाकडी चौकटीला खिळे मारले होते. खिळे काढले. काठावर लाल सुतात विणलेलं होतं: ‘काशम्मानं विणलं’. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, पण ठाम.

२७ डिसेंबर, शुक्रवार

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेआधी दालन उघडायचं आहे. काचेची नवी चौकट आली, पण काठाच्या जाड दुमडीमुळे कापड तिच्यात बसेना. संग्रहालयाचे चिटणीस म्हणाले, काठ कापून टाका, आणि चिठ्ठीवर गिरणीवाल्या शेठजींच्या घराण्याची भेट असं लिहून खाली लिहा, विणकर अज्ञात. मी चाचरत नावाचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, गुरुजी, बाई थोडीच वाचायला येणार आहे.

परीक्षेत कवीचं नाव न लिहिणाऱ्याचा मी एक गुण कापत असे. आज नावच कापलं. कात्री सरळ चालली. नोकरी नवी आहे.

३० डिसेंबर, सोमवार

सोजरबाईला केरात तो काठ सापडला. केरसुणी टाकून ती खालीच बसली.

काशम्मा तिची शुक्रवार पेठेतली शेजारीण. तीन वर्षं हे कापड विणता विणता तिचे डोळे गेले. शेठजींच्या माणसांनी काठ दुमडला, तो तिनं बोटांनी चाचपून ओळखला. तेव्हा म्हणाली होती, दुमडलंय तवर गप बसीन. पर ज्या दिवशी कापतील, त्या दिवशी कापणाऱ्याला आन् कापायला लावणाऱ्याला घरची माणसंबी वळखणार न्हाईत. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

सोजरबाईनं विचारलं, कात्री कुणी धरली व्हती, गुरुजी?

मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

३ जानेवारी १९७५, शुक्रवार

चिटणिसांच्या दारावरची पाटी कोरी. सकाळी मानसिंगनं त्यांना अडवून तिकीट मागितलं. मला थट्टा वाटली. दुपारी ते घरी जाऊन परत आले. बायकोनं परका माणूस म्हणून दार लावून घेतलं म्हणे. पायरीवर बसून होते. मी त्यांना ओळखलं, पण नाव आठवेना. वही चाळली. त्यांचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. की लिहिलं होतं?

६ जानेवारी, सोमवार

काचेआड काठ वाढतो आहे. लाल सूत. काल नव्हता, आज बोटभर. त्यावर एक नाव पुरं विणून झालेलं. वाचलं, वळलो, विसरलो. त्याच्या शेजारी दुसरं सुरू झालंय. पहिलं अक्षर माझ्या नावाचं.

पायरीवर आता कुणी नाही.

८ जानेवारी, बुधवार

नवी चिठ्ठी लिहिली: विणकर काशम्मा. शाई वाळली, आणि वाचलं — अज्ञात. अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. अकराही तशाच.

सोजरबाईकडे गेलो. म्हटलं, कात्री मीच धरली होती. तो काठ दे, जागच्या जागी शिवतो. ती म्हणाली, त्यो मी तुळशीत पुरला. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली — आन् तुमी कोण, पाव्हणं?

९ जानेवारी

या वहीची पहिली ओळ उघडली. नावाच्या जागी रिकामी जागा. डागसुद्धा नाही.

मंद्रूपच्या वर्गाची हजेरी अजून पाठ आहे. सगळी पोरं हजर. शेवटी मास्तरांची सही — ती तेवढी —

१२ जानेवारी, रविवार

विजू आली. माझ्यापासून चार हातांवर उभी आहे. मी हाक मारली. मांडीवर बसवून शिकवलेली तिची कविता म्हणून दाखवली. ती मागे सरकली. मानसिंगला म्हणाली, या बाबांना जरा लांब बसवा हो, मी माझ्या वडिलांना शोधतेय. त्यानं वडिलांचं नाव विचारलं. तिनं तोंड उघडलं — तसंच राहिलं —

लिहून देतो. हे पान फाडून तिच्या हातात —

माझं नाव काठावर असेल, तिथून उतरवून — पण काठ नाही. मागे दुमडलाय. खिळे मारलेत. विहिरीवरच्या बाईनं मान वळवलीय. डोळे नाहीत तिला. हसतेय —

विजू निघाली — दारापर्यंत गेली —

विजू, मी तुझा बाप. खिळे काढ. काठ उलगड. वाच, मोठ्यानं वाच, माझं नाव