चौदा नंबरात पेरू नका

९ जून
हे प्लॉटवाल्यांच्या मीटिंगहून आले अन् दारातूनच म्हणले, "प्लॉटांत मूग-तूर पेरायचं ठरलंय. सगळ्यांनी मिळून. हद्दीचे दगड काढायचे." मी कणिक मळत होते, हात तसेच राह्यले. एमआयडीसीच्या मागचा आमचा प्लॉट! माझ्या पाटल्या मोडून घेतलेला, घरासाठी. अन् मला न इचारता ह्यांनी हात वर केला!

१० जून
चहा देताना इचारलंच. म्हणले, "नवे कारखाने येणार, वस्ती होणार म्हणून घेतल्ता. कोण आलं? मिलमधी पंधरा-पंधरा दिवस काम. कोणाला काढू नये म्हणून आम्हीच वाटून घेतलं. ह्यात घर होत नसतं, सुनंदा. दाळ तरी घरची खाऊ." एवढ्या शांतपणे! भांडले असते तर बरं वाटलं असतं. रोज स्लॅबचा खर्चा काढत बसणारा माणूस. घर मनातून कधी सोडलं, मला पत्ताच न्हाई.

१४ जून
प्लॉटवर गेल्ते. दगड उपटून कडेला ढीग. लेआउटच्या कमानीवर नगराचं नाव तेवढं तसंच. तेरा नंबरवाल्या वंदनाबाई खडे वेचून राह्यल्या, वर हसून राह्यल्या! बाईला काहीच वाटत न्हाई? म्हणलं, "चौदा नंबरात पेरू नका. बिलकुल न्हाई."
"बरं बाई," त्या म्हणल्या. वाद न्हाई, काही न्हाई.
माझे चार दगड परत रोवून घेतले. हे खाली मान घालून उभे.

३ जुलै
सगळं उगवलं म्हणे. चौदा सोडून.

१९ जुलै
आज खुरपणी. राहवलं न्हाई, गेले. चहूकडं हिरवं, मधी माझा उघडा तुकडा. अन् त्यात बाया भाकरी खायला बसलेल्या. चपला चारी दगडांच्या बाहेर काढून! वंदनाबाई म्हणल्या, "या सुनंदाताई, तुमच्याच घरात बसलोय. डबे स्वैपाकघरात ठेवलेत, बराबर ना?" चेष्टा नव्हती ती. हुंदकाच फुटला, सगळ्यांसमोर. कसंबसं म्हणलं, "स्वैपाकघर तिकडं. आग्नेयला."
सगळ्या उठल्या, डबे उचलून तिकडं सरकल्या.
घरी येताना हे म्हणले, "मूग निघाला की हरभऱ्याला ट्रॅक्टर सांगायचाय. चौदा धरू का?"
म्हणलं, "मूग तर निघू द्या. मग सांगते."