आनंदीच्या लाख वाती

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

वाती सापडत नाहीत! ट्रंक पाहिली, माळा पाहिला, देवघराखालचं कपाट दोनदा उपसलं. अकरा वर्षं ही बाई रोज दुपारी चार ते पाच गंगेच्या संकठा घाटावर बसून वाती वळत होती — लाख वातींचं व्रत! — आणि घरात मिळाली ती एक कापडी पिशवी. आत कापसाचा गोळा आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात मूठभर वाती. त्याही पिवळ्या पडलेल्या. बाकीच्या गेल्या कुठे?

आनंदीला जाऊन आज अठ्ठावन्न दिवस. तापाचं निमित्त झालं, तीन दिवसांत आटोपलं सगळं. तिचं हे एवढंच अर्धवट राहिलंय. ते मी पुरं करणार. चौतीस वर्षांच्या संसारात तिच्यासाठी एक तरी गोष्ट केली असं होईल.

७ ऑक्टोबर

गोपीनाथशास्त्र्यांना विचारून आलो. "वर्षाच्या आत उद्यापनाचा थाट नको, विश्वेश्वरराव. पण कार्तिकी पौर्णिमेला तिच्या नावानं घाटावर लावून टाका. कमी पडतील त्या नवऱ्यानं वळल्या तरी चालतात." चालतात! महिना आहे हातात.

मैत्रेयीला हैदराबादला फोन केला — आईनं वाती कुठे ठेवल्या ठाऊक आहे का? म्हणाली, "जाने दो ना बाबा, कशाला शोधताय?" तिची मीटिंग होती, फोन ठेवला. चौदा-चौदा तास काम करते पोर. मी सगळ्यांना सांगतो.

९ ऑक्टोबर

रजा मागायला साहेबांकडे गेलो. म्हटलं, मन लागत नाही, महिनाभर घरी बसतो. त्यांचा चेहराच पडला. "घर बैठ के क्या कीजिएगा? काम में मन लगाइए." मग वातींचं सांगितलं. लगेच सही केली, वर हात जोडले!

म्हणजे बायको गेली म्हणून बसायला रजा नाही. वाती वळायला आहे. असो. मिळाली ना.

११ ऑक्टोबर

आज चारला घाटावर गेलो. पुराचा गाळ अजून खालच्या पायऱ्यांवर आहे, पाइप लावून धुतायत. आनंदीच्या जागेशेजारी गल्लीतल्या कालिंदीवहिनी आणि आणखी दोघी बसल्या होत्या. मला पाहून दचकल्या, सरकून जागा दिली. तासाभरात चाळीस वाती झाल्या, त्यातल्या निम्म्या सुटल्या. बायकांची कामं सोपी नसतात म्हणायची!

एक आठवण आली. सहा-सात वर्षं झाली असतील. ऑफिसातल्या एकाला शेजारच्या मणिकर्णिकेवर पोचवलं, गंगेत बुडी मारली आणि पुन्हा ऑफिसला निघालो होतो. वरून आनंदी दिसली. तिनं मला पाहिलं मात्र, झटकन पिशवीत हात घालून वाती वळायला लागली. मी म्हटलं, "चालू दे तुझं." आणि गेलो. काय निष्ठा! दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना कौतुकानं सांगितलं होतं.

१४ ऑक्टोबर

अंगठा सुजलाय. सकाळ-दुपार वळूनही दिवसाला तीनशेच्या वर होत नाहीत. पौर्णिमेपर्यंत लाख कशा व्हायच्या?

१७ ऑक्टोबर

गल्लीत माझं नाव झालंय. पानवाल्यानं पैसे घेतले नाहीत. "ऐसा पति कहाँ मिलता है आजकल!" आधीही नाव होतंच म्हणा. रोज नऊला घरी यायचो तेव्हा हाच म्हणायचा, "बहुत मेहनती आदमी हैं." इतका वेळ करता काय, असं कधी कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तर? इथे कोण वाचतंय, लिहून टाकतो. सहानंतर ऑफिसात काम नसायचं. फाइल उघडी ठेवून आम्ही चौघं-पाचजण चहा प्यायचो. क्रिकेट, साहेबांच्या नकला, कोण कुठे बदलून जाणार. सहा ते साडेआठ! घरी आलो की आनंदी पाण्याचा तांब्या पुढे करायची. "दमलात?" आणि मी म्हणायचो, हो.

दमलेला नसायचो, आनंदी. नुसता बसून यायचो.

२० ऑक्टोबर

दिवाळी. आमच्याकडे यंदा नाही. तिच्या फोटोपुढे एक पणती, बस. मैत्रेयी आली आहे. बारीक झाली. माझा अंगठा पाहून रडली. पंधरा दिवस इथूनच काम करणार म्हणते.

२३ ऑक्टोबर

आज सगळं लिहिणार.

घाटावर वळत बसलो होतो. कालिंदीवहिनींनी माझ्या हातातला कापूस काढून घेतला. म्हणाल्या, "पुरे करा, भाऊजी. हालत बघा अंगठ्याची. सच सांगू? तिनं वाती वळल्याच नाहीत."

मला कळेना. म्हटलं, मग डब्यातल्या?

"त्या पहिल्या हप्त्यातल्या. त्याच रोज आणायची, त्याच परत न्यायची."

"मग अकरा वर्षं करत काय होती?"

"बसायची."

"नुसती?"

"नुसती. पाणी बघायची. नावा बघायची. कधी आपल्याशीच हसायची."

मी चिडलो. होय, चिडलो! देवाच्या नावानं खोटं? आणि तेही अकरा वर्षं? तर वहिनींनी आपली पिशवी माझ्यापुढे उपडी केली. एक विणायला घेतलेलं स्वेटर, वीतभर. "हे माझ्या नातवाच्या बारशाचं. तो आता कॉलेजात जातो. काय करणार, भाऊजी? हातात काही नसलं की लोकांना बाई बसलेली खपत नाही. तुम्हीच नाही का तिला म्हणालात, घाटावर तुझं काय काम असतं ग रोज? दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आली. म्हणाली, कालिंदी, आता नाही कुणी विचारणार."

म्हणालो होतो. जेवता जेवता, हसत हसत म्हणालो होतो. रागावलोसुद्धा नव्हतो! आणि ती दुपारी जरा टेकली दिसली की "आज काही काम नाही वाटतं?" हेही माझंच. सुट्टीच्या दिवशी दर वेळी. पहाटे साडेचारपासून ही बाई पायावर उभी असायची. कोळसा उगाळावा तितका काळा. आज आठवत बसलो तर एकेक वाक्य वर येतंय.

२४ ऑक्टोबर

मैत्रेयीला विचारलं, तुला ठाऊक होतं?

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"आईनं शपथ घातली होती. म्हणायची, त्यांना रिकामं माणूस बघवत नाही ग. उगाच त्यांच्या जिवाला लागेल."

माझ्या जिवाला!

रिटायर होण्याच्या आधी मी तिला वचन दिलं होतं. एकदा सुटलो की रोज चारला तुझ्याबरोबर घाटावर येईन, तू वाती वळ, मी बसेन. किती हसली होती. आता कळतं का हसली — मी आलो असतो तर तिला खरंच वळत बसावं लागलं असतं. तरीसुद्धा वाट बघत होती. मग साहेबांनी विचारलं, दोन वर्षं आणखी येता का, आणि मी घरी न विचारता हो म्हणून आलो. घरात पेढे आणले! ती म्हणाली, "बरं." पेढा देवापुढे ठेवला. चौदा महिन्यांनी गेली.

पैशाची गरज नव्हती. घरी बसलो तर लोक काय म्हणतील याचीच भीती होती. म्हणजे तिला जी होती तीच. ती तासाभरासाठी पिशवी घेऊन जायची, मी जन्मभर ऑफिस घेऊन फिरलो. फरक एवढाच की तिला मी अडवत होतो आणि मला कुणीच नाही. एक दिवस जरी दोघं बसलो असतो! एक दिवस, आनंदी. काही बोललो नसतो तरी चाललं असतं.

२५ ऑक्टोबर

सकाळपासून एकच डोळ्यांपुढे येतंय. त्या दिवशी घाटाच्या पायरीवर मला पाहून तिचा हात पिशवीत गेला, तो निष्ठेनं नाही. घाबरून गेला. माझी बायको मला पाहून घाबरली आणि मी तिला म्हटलं, चालू दे तुझं.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून लाईट नाही. मैत्रेयीचा लॅपटॉप दुपारीच बंद पडला, तिनंच सांगितलं. चारला तिला म्हणावं, चल, घाटावर नुसते बसू, म्हणून तिच्या खोलीत गेलो. खिडकीशी बसली होती. हात मांडीवर, बाहेर बघत. अगदी आईसारखी. माझी चाहूल लागली आणि तिनं झटकन लॅपटॉप पुढे ओढला. स्क्रीन काळा होता. तरी बोटं चालत होती.