दोन भोपळ्यांनंतरचा रविवार

सांगली, ६ जानेवारी २०२५

ती. आजीस रेश्माचा शि. सा. न. वि. वि.

हॉस्टेलवर मोबाईल जमा करून घेतलेत, म्हणून पत्र. आजी, दोन्ही सामन्यांत माझा भोपळा. पहिल्यात पहिल्याच चेंडूवर बाद, त्याला गोल्डन डक म्हणतात. दुसऱ्यात एकही चेंडू न खेळता धावबाद, तो डायमंड डक. मुली मला सराफीण म्हणून चिडवतात. धाव नाही हे मला दिसत होतं, पण आमच्या कॅप्टन मयूरीताईंनी हाक मारली. ताईंना नाही कसं म्हणायचं? पळाले, तर त्याच मागं फिरल्या.

रविवारी साताऱ्याशी शेवटचा सामना. त्यातही शून्य झालं तर आबा मला घरी नेणार, तसं सरांना सांगून गेलेत. घास उतरत नाही. त्यांना समजाव ना.

लोभ आहेच, तो तरी शून्यावर आणू नकोस.

रेश्मा

कराड, ८ जानेवारी

चि. रेश्मास मनुबाईचे अ. आ.

तुझा बाप जोतीराम काय कुकुलं बाळ हाय समजवायला? फौजेतनं आलाय, बोलला की बोलला. मोठ्यांनी हाक मारली की उठावं, हे मीच शिकवलं. ते घरात, पाण्याचा तांब्या द्यायला. मैदानात कुणी ताई न्हाई नि अक्का न्हाई. धाव नसंल तर नगं म्हण. म्हस बिथरल्यावर वरडतीस तसं, पोटातनं.

हितं आमटीत दोनदा मीठ पडलं. जोतीराम मुकाट जेवला, म्हंजे त्योबी घाबरलाय. तू जेव. उपाशी पोरीला बॅट उचलत न्हाई.

माया हाय, पर रडकं पत्र पुन्हा धाडू नगं.

मनुबाई

सांगली, १३ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

काल मी शून्यावर असताना ताईंनी पुन्हा बोलावलं. मी नको म्हणून ओरडले. त्या निम्म्यात आल्या होत्या. परततायत तोवर स्टंप उडाले. भोपळा त्यांचा! मग मी एकतीस केल्या, आपण जिंकलो. आबांनी मला राहू द्या म्हणून सरांना सांगितलं. पण ताई बोलत नाहीत. चुकले का गं?

उत्तराची वाट पाहणारी,

रेश्मा

कराड, १६ जानेवारी

चि. रेश्मास अ. आ.

चुकली न्हाईस. ताई किती दिस गाल फुगवंल? तिच्या शेजारी ताट घेऊन बस, पर माफी मागू नगं.

डोळ्यात औषध घातलंय, म्हणून पत्र तुझ्या बापाकडनं वाचून घेतलं. एकतीसला हसला. मग म्हणाला, पोरगी नगं म्हणायला शिकली, उद्या स्थळ आणलं तर आमालाबी म्हणंल.

मी म्हटलं, व्हय, म्हणंल.

खुशाली कळवत जा.

मनुबाई