बाहेर उघडणारं दार

प्रिय ठकू,

दार नीट लागतंय ना? बिजागऱ्यांना अधूनमधून तेल सोडत जा, म्हणजे कुरकुरणार नाहीत. तुझी आई म्हणते, यांनी दुरुस्त केलेली वस्तू आणि यांचं घोरणं, दोन्ही शेजाऱ्यांना ऐकू जातं. म्हणू दे. छापखान्यात जन्मभर शिशाचे, अक्षरांचे खिळे जुळवले, निवृत्त झाल्यावर लोखंडाचे ठोकतोय. खिळ्यांनी काही माझी पाठ सोडली नाही.

तू फोनवर सांगितलंस, बाथरूमचं दार आत उघडतं, बादलीला अडतं, ते बाहेर उघडेल असं करून द्या. आणि त्यातच तो लाकडी उंबरठाही काढा, केर काढताना आड येतो. मी मनात म्हटलं, ही बाई आणि केर! तुझ्या पलंगाखाली हरवलेले मोजे वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. तरी पिशवीत हत्यारं भरून निघालो. लेकीने बापाला हक्काने कामाला बोलवावं आणि बापाने आढेवेढे घ्यावेत, असं आपल्या घरात कधी झालं नाही.

चौकट मोजताना आपली जुनीच पद्धत, तू फितीच्या टोकाशी आणि मी डबीशी. मी ‘सोड’ म्हटलं की तू सोडायचीस आणि फीत सर्रकन माझ्याकडे यायची. लहानपणी तेवढ्या मजेसाठी तू कामभर माझ्या मागेमागे असायचीस. त्या दिवशी मी ‘सोड’ म्हटलं आणि तू सोडली नाहीस. मला वाटलं, चेष्टा करतेस. पुन्हा म्हटलं. मग वर पाहिलं, तर तू दुसऱ्या हाताने आपली बोटं एकेक करून उलगडत होतीस आणि माझ्याकडे बघून हसत होतीस. थंडीने आखडतात, म्हणालीस. खोलीत पंखा चालू होता.

तुझी आत्या हातातला कप अशीच, एकेक बोट सोडवून खाली ठेवायची. तू फार लहान होतीस, तुला ती खुर्चीत बसून पत्त्यांत लबाडी करणारी म्हणूनच आठवत असेल. हातातला पत्ता लवकर सुटत नाही म्हणून आम्ही भावंडं तिला कवडीचुंबक म्हणायचो, आणि तीही हसायची. आधी बोटं गेली, मग पाय. पाऊल पुरतं उचलायचं नाही, उंबरठ्याला अडायचं. एका सकाळी ती बाथरूममध्ये पडली ती नेमकी दाराला टेकून, आणि दार आत उघडणारं. आम्ही ढकलू तितकी ती आत चेंगरत होती, ओरडत होती. शेवटी चौकट फोडून दार बाहेर ओढलं. ती गेली ती पुढे हृदयाने, पण त्या दिवसानंतर एकटी अंघोळीला गेली नाही. ते दार बाहेर उघडणारं करून मीच बसवलं होतं. त्यामुळे तुझ्या दाराचे स्क्रू काढताना मला बादलीची गोष्ट काही पटेना.

तरी आपण दोघं बडबडत राहिलो. उंबरठा उखडला, त्याची खाच सिमेंटने भरली, तू थापीने सारखी करायला गेलीस आणि थापी हातातच राहिली, तेव्हा मी मुद्दाम पाठ फिरवून पाणी प्यायलो. निघताना तूच दारात म्हणालीस की डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय, औषध नाही म्हणालेत, आईला मात्र कळू देऊ नका, ती खचेल. मी मान डोलावली. बसमध्ये मला रडू आवरेना. शेजारच्या बाईंना वाटलं, मला मळमळतंय. त्यांनी खिडकी उघडून दिली. माझी पोर पडली तर बाहेर काढायला सोपं जावं म्हणून मी दार फिरवून आलो होतो.

परवा मी तुझ्याच डॉक्टरांकडे जाऊन माझे हात दाखवले. छापखान्यात मला सगळे ‘चिमटा’ म्हणायचे, कारण धरलेला खिळा सुटायचा नाही. बोटं आखडण्याचं खापर मी शिशावर फोडत आलो. तपासण्या झाल्या. तुला आहे तेच मला आहे. माझ्यात रेंगाळत आलं, तुझ्यात लवकर आणि जोरात आलं. बापाकडून लेकीला दागिना जातो, शेत जातं, माझ्याकडून हे गेलं. याचं मला किती वाईट वाटतं, ते सांगता येत नाही. पण तू तिथे एकटीने भिंतीकडे बघत बसू नयेस, म्हणून हे पत्र. हातोडी अजून मुठीत बसते, पण बोटांतला जोरही आता जातोय, पेन दोन ओळींत निसटतं. अक्षर कुणाचं ते तू पाकीट फोडताच ओळखलं असशील. तुला दिलेला शब्द मी पाळला, ठकू. आईला काही सांगितलं नाही, फक्त लिहायला बसवलं. आत्याच्या मजकुरापर्यंत ती मुकाट्याने लिहीत होती. मग थांबली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, पुढे सांगा. आता म्हणतेय, खचायला मी काय भिंत आहे? आवरा, उद्या पहिल्या बसने निघायचंय, पत्र आपणच तिच्या हातात देऊ.

तुझाच बाबा,
आणि हे लिहिणारी तुझी आई